इन्सास रायफल बदलण्याचा वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय पायदळाची इन्सास रायफल बदलण्याचा विषय निघाला की चर्चा लगेच "आपली वाईट, परदेशी चांगली" किंवा नेमक्या उलट टोकाला जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा वाद दिसतो रायफलीचा, पण मुळात तो काडतुसाचा आहे आणि त्याहून अधिक, सैन्याला काय हवे आहे हे ठरवण्याच्या पद्धतीचा आहे. पुढील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

नेमकी कोणती रायफल बदलली जात आहे आणि तिच्या जागी काय येत आहे?

जात आहे ती ५.५६ मिलिमीटरची देशी बनावटीची इन्सास. (काडतुसाच्या नावातला पहिला आकडा गोळीचा व्यास आणि दुसरा कवचाची लांबी दाखवतो.) तिच्या जागी एक नव्हे तर दोन रायफली येत आहेत. पहिली अमेरिकेतून आयात केलेली सिग ७१६, जी ७.६२ × ५१ मिलिमीटरचे लांब काडतूस वापरते आणि मुख्यतः सीमेवरच्या तसेच दहशतवादविरोधी मोहिमांवरच्या पायदळासाठी घेतली गेली. दुसरी रशियन बनावटीची एके-२०३, जी ७.६२ × ३९ मिलिमीटरचे आखूड काडतूस वापरते, उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे तयार होते आणि संख्येने कितीतरी मोठी आहे. दोन्हींच्या नावापुढे "७.६२" असले तरी एकीची काडतुसे दुसरीत चालत नाहीत. बातम्यांमध्ये हा घोळ नेहमी होतो.

इन्सास मुळात आली कशी?

१९६२ च्या युद्धात भारतीय जवानांच्या हातात प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा भाग) मागेपुढे करावी लागणारी जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल होती. त्या धड्यानंतर बेल्जियन एफएन एफएएलवर आधारलेली, पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या निर्माणीत बनलेली ७.६२ × ५१ ची एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) सैन्यात आली. एसएलआर दणकट आणि लांब पल्ल्याची होती, पण ती लांबलचक, जड आणि एका चापाला एकच गोळी सोडणारी होती. १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेला झाडीत आणि वस्तीत एके-४७ घेतलेल्या एलटीटीईशी गाठ पडल्यावर हे उणेपण फार जवळून कळले.

तोवर जगातील अनेक सैन्ये ५.५६ च्या हलक्या काडतुसाकडे वळलेली होती. पुण्यात पाषाण येथे असलेल्या डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या एआरडीई या प्रयोगशाळेने रायफल आणि लाइट मशिनगन अशी जोडी तयार केली. इन्सासचे अंतरंग पाहिले तर तिच्यात कलाश्निकोव्हचे (म्हणजे एके-४७ चे) यंत्र, एफएएलचे गॅस नियंत्रण आणि डाव्या बाजूला पुढे ओढण्याचा दांडा अशी अनेक घरांची भांडी एकत्र दिसतात. यात गैर काही नाही, बहुतेक रायफली अशाच जन्मतात. मात्र विकास लांबत गेला आणि मधल्या काळात काश्मीर पेटले, त्यामुळे नव्वदीच्या सुरुवातीला सरकारला पूर्व युरोपातून एके जातीच्या रायफली घाईने आणाव्या लागल्या. म्हणजे इन्सास सर्वदूर पोचण्यापूर्वीच तिची सवत घरात आलेली होती आणि पुढील तीस वर्षे प्रत्येक जवान या दोघींची तुलना करत राहिला.

तिच्याविरुद्ध तक्रारी नेमक्या काय होत्या?

सर्वांत गाजलेल्या तक्रारी १९९९ च्या कारगिल युद्धातल्या. इन्सासचे मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकचे होते. आतल्या गोळ्या बाहेरून मोजता याव्यात हा त्यामागचा विचार चांगलाच होता, पण द्रास आणि बटालिकच्या थंडीत ते प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकू लागले. मॅगझिनला तडा जाणे ही ऐकायला किरकोळ गोष्ट वाटते. प्रत्यक्षात मॅगझिनच्या वरच्या कडाच काडतुसाला नळीच्या तोंडाशी नेमक्या कोनात धरून ठेवतात. त्या कडा केसभर जरी फाकल्या तरी स्प्रिंगने वर ढकललेले काडतूस वाकडे बसते, बोल्ट त्याला अर्धवट आत ढकलते आणि रायफल अडते. मग बर्फात हातमोजे काढायचे, मॅगझिन उतरवायचे, दांडा मागे ओढून अडकलेले काडतूस झटकायचे, आणि हे सगळे समोरचा बंकर गोळ्या झाडत असताना.

दुसरी तक्रार फैरीची होती. इन्सासला पूर्ण स्वयंचलित मारा दिलेला नव्हता. एकेक गोळी किंवा तीन गोळ्यांची फैर एवढीच सोय होती. काही रायफली फैरीवर ठेवल्या असता तीनवर न थांबता चालूच राहतात, असे आढळले. तिसरी तक्रार चमत्कारिक पण खरीखुरी होती : गोळी झाडताना आतील तेलाचे शिंतोडे मागे येऊन नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात उडत. डोळ्यात एकदा तेल गेलेला जवान पुढची गोळी झाडताना नकळत डोळा मिटतो. नेमबाजी बिघडायला याहून अधिक काही लागत नाही.

२००५ च्या ऑगस्टमध्ये नेपाळमधील कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांनी लष्करी तळावर हल्ला करून ४३ सैनिक ठार केले, तेव्हा नेपाळी सैन्याच्या प्रवक्त्याने भारताने पुरवलेली इन्सास प्रदीर्घ चकमकीत बंद पडल्याचे जाहीरपणे सांगितले. भारतीय बाजूने वापर आणि देखभालीतील चुकांकडे बोट दाखवण्यात आले. २०१५ मध्ये नक्षलग्रस्त भागातील सीआरपीएफच्या तुकड्यांना इन्सासऐवजी एके देण्याचा निर्णय झाला, तेव्हा या रायफलीची प्रतिमा बहुधा कायमची ठरून गेली.

मग इन्सास खरोखरच वाईट रायफल होती का?

एका शब्दात उत्तर द्यायचे तर नाही. तिची नळी ४६४ मिलिमीटरची, म्हणजे एके-४७ पेक्षा लांब होती, आणि नेमबाजीच्या मैदानावर एकेक गोळी झाडताना ती एकेपेक्षा निश्चितच अधिक अचूक होती. नंतरच्या सुधारित आवृत्तीत मॅगझिनसह बरेच दोष दूर केले गेले. अमेरिकेची एम-१६ सुद्धा व्हिएतनाममध्ये सुरुवातीला अशीच बदनाम झाली होती. बदललेली दारू आणि साफसफाईच्या साहित्याचा तुटवडा यांमुळे ती सारखी अडत असे. पण अमेरिकेने दोष शोधून ती सुधारली आणि आज तिचे वारस जगभर आहेत.

आपल्याकडचा फरक असा की दोष सापडणे आणि तो प्रत्येक निर्माणीच्या प्रत्येक खेपेतून जाणे यांत वर्षे गेली. ईशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्ली या निर्माण्यांतून येणाऱ्या मालाचा दर्जा सारखा नाही, ही तक्रार सातत्याने राहिली. चांगली इन्सास मिळालेला हवालदार तिची तारीफ करतो आणि खराब मिळालेला तिला शिव्या घालतो. दोघेही खरे बोलत असतात. ज्या शस्त्रावर जवानाचा भरवसा उरत नाही ते कागदावर कितीही निर्दोष असले तरी बदलावे लागते, आणि इन्सासच्या बाबतीत तेच झाले.

५.५६ आणि ७.६२ यांत एवढा वाद का?

तिन्ही काडतुसे टेबलावर शेजारी उभी केली तर निम्मा वाद तिथेच कळतो. ५.५६ × ४५ चे काडतूस बारीक आणि सडपातळ, पेन्सिलीच्या तुकड्यासारखे. त्याची गोळी सुमारे ४ ग्रॅमची आणि नळीतून निघताना वेग सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास. ७.६२ × ५१ चे काडतूस उंच आणि भरदार, गोळी साडेनऊ ग्रॅमची, वेग साधारण ८४० मीटर आणि ऊर्जा ५.५६ च्या जवळजवळ दुप्पट. ७.६२ × ३९ हे त्यांच्यात सर्वांत बुटके. त्याची गोळी आठ ग्रॅमची आहे, पण वेग जेमतेम ७१५ मीटर. या काडतुसाचे कवच खालून वर निमुळते होत जाते, त्यामुळे तीस काडतुसे एकावर एक रचली की रांग आपोआप वाकते. एकेचे मॅगझिन केळ्यासारखे वाकडे असते ते शोभेसाठी नव्हे, याच कारणाने. सिग ७१६ च्या काडतुसाला एवढा निमुळतेपणा नाही, म्हणून तिचे वीस गोळ्यांचे मॅगझिन सरळ दिसते.

आता वजन. ५.५६ चे एक काडतूस सुमारे १२ ग्रॅम, ७.६२ × ३९ चे १६ च्या आसपास आणि ७.६२ × ५१ चे २४. दोनशे गोळ्या घेऊन निघालेल्या जवानाच्या अंगावर अनुक्रमे २.४, ३.२ आणि ४.८ किलो वजन फक्त काडतुसांचे पडते. त्यावर रायफल, बुलेटप्रूफ जाकीट, पाणी आणि रेडिओ. ज्याने हरिश्चंद्रगड पाठपिशवी घेऊन चढला आहे त्याला या सुमारे अडीच किलोंच्या फरकाचा अर्थ सांगायला नको, आणि जवान तर पंधरा-सोळा हजार फुटांवर चढत असतो.

धक्क्याचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखकाने कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरात एसएलआरच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या. उस्ताद ओरडून सांगत असतानाही दस्ता खांद्याच्या खोबणीत नीट रोवला गेला नाही आणि पुढे आठवडाभर खांदा काळानिळा होता. लक्ष्यावर किती लागल्या ते न विचारलेले बरे. प्रशिक्षित जवान हा धक्का सहज पचवतो, पण भराभर दुसरी, तिसरी गोळी त्याच जागी मारणे भारी काडतुसाने अवघड होते, हे त्यालाही मान्य असते.

मग भारी काडतूस का हवे? कारण काश्मीरमधील चकमकीत समोरचा माणूस अनेकदा मरायला तयार होऊनच आलेला असतो. त्याला दोन गोळ्या लागूनही तो ग्रेनेड फेकू शकला तर रायफलीने आपले काम केले नाही, असा पायदळाचा अनुभव आहे. नियंत्रण रेषेवर खोऱ्याच्या पलीकडच्या उतारावर पाचशे मीटरवर मारा करायचा असतो, तिथेही जड गोळी वाऱ्याने कमी भरकटते. ही मागणी अवास्तव नाही. मात्र तीच मागणी मान्य केली की आपण वजनाच्या बाबतीत पुन्हा एसएलआरच्या काळात जातो, हेही तितकेच खरे आहे.

५.५६ ची गोळी मुद्दाम जखमी करण्यासाठी बनवली होती, हे खरे आहे का?

"एक जखमी झाला की त्याला उचलायला दोघे लागतात, म्हणजे तिघे लढाईतून बाद" हे गणित निवृत्त अधिकाऱ्यांच्या भाषणांत हमखास ऐकू येते. हलके काडतूस स्वीकारण्यामागची मुख्य कारणे मात्र वेगळी होती : अधिक गोळ्या बाळगता येणे, धक्का कमी असणे आणि बहुतेक लढाया तीनशे मीटरच्या आतच होतात हा दुसऱ्या महायुद्धाचा अनुभव. वेगाने लागलेली ५.५६ ची गोळी शरीरात उलटीपालटी होऊन किंवा फुटून फार गंभीर जखम करते. वेग कमी झाल्यावर, म्हणजे लांब अंतरावर किंवा आखूड नळीतून झाडल्यावर, तिचा हा गुण ओसरतो. जखमी करण्याचा सिद्धांत बहुधा या मर्यादेला नंतर दिलेले तात्त्विक वस्त्र आहे.

२०११ ची निविदा रद्द का झाली?

कारण मागणीच अवघड होती. नळी आणि काही भाग बदलून एकाच रायफलीतून ५.५६ आणि ७.६२ × ३९ अशी दोन्ही काडतुसे झाडता यावीत, अशी अट घालून सुमारे ६६ हजार रायफली मागवण्यात आल्या. इटली, इस्राएल, झेक प्रजासत्ताक आणि अमेरिकेतील कंपन्या स्पर्धेत उतरल्या, चाचण्या झाल्या आणि २०१५ मध्ये सगळेच गुंडाळले गेले.

जगात कुठलेही मोठे सैन्य आपल्या सामान्य जवानाला दोन नळ्या घेऊन फिरायला लावत नाही. कोतमध्ये, म्हणजे तुकडीच्या शस्त्रागारात, कोणत्या रायफलीला कोणती नळी बसवली आहे आणि पुढच्या ठाण्यावर कोणती काडतुसे पाठवायची याचा हिशेब कोण ठेवणार, हा साधा प्रश्न मागणी लिहिणाऱ्यांनी एखाद्या सुभेदाराला विचारला असता तर चार वर्षे वाचली असती. त्यानंतर लगेच लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि सैन्याने ७.६२ × ५१ ची मागणी पुढे केली. त्यासाठी ईशापूरने बनवलेली रायफल २०१७ मध्ये सैन्याने चाचण्यांत नाकारली.

दोन वेगवेगळ्या रायफली घेण्यामागे तर्क काय?

अधिकृत तर्क पैशांचा आणि कामाच्या विभागणीचा आहे. प्रत्यक्ष शत्रूसमोर असणाऱ्यांना महाग आणि भारी रायफल, बाकीच्यांना स्वस्त, टिकाऊ आणि देशात बनणारी. जानेवारी २०१८ मध्ये संरक्षण अधिग्रहण परिषदेने ७२,४०० रायफलींच्या तातडीच्या खरेदीला मंजुरी दिली, फेब्रुवारी २०१९ मध्ये सिग ७१६ बनवणाऱ्या सिग सॉअर कंपनीशी करार झाला आणि त्या वर्षअखेरीस रायफली येऊ लागल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३ हजारांचा करार झाला. त्याच पायदळासाठी इस्राएलची निगेव्ह ही ७.६२ × ५१ ची लाइट मशिनगनही घेतली गेली, त्यामुळे आघाडीच्या सेक्शनमध्ये (पायदळाच्या छोट्या तुकडीत) काडतूस एकच राहते.

तर्क वाईट नाही, पण त्याची किंमत पुरवठ्याला मोजावी लागते. इन्सासच्या जोडीचा एक मोठा फायदा होता : रायफल आणि लाइट मशिनगन एकच काडतूस वापरत आणि मॅगझिनही एकमेकींना चालत. आता काही वर्षे तरी ५.५६, ७.६२ × ३९ आणि ७.६२ × ५१ अशी तिन्ही काडतुसे एकाच वेळी सैन्याला पोचवावी लागतील.

एके-२०३ ला एवढा उशीर का झाला? आणि तिचा पल्ला नक्की किती?

कोरवाच्या प्रकल्पाचे उद्‌घाटन पंतप्रधानांच्या हस्ते ३ मार्च २०१९ रोजी झाले. त्यानंतर किंमत आणि तंत्रज्ञान हस्तांतराच्या घासाघिशीत अडीच वर्षांहून अधिक काळ गेला आणि ६,०१,४२७ रायफलींचा करार ६ डिसेंबर २०२१ रोजी, पुतिन दिल्लीत आले असताना झाला. तीनच महिन्यांत युक्रेन युद्ध सुरू झाले. सैन्याला रायफली मिळू लागल्या त्या २०२४ मध्ये. जुलै २०२५ पर्यंत सुमारे ४८ हजार दिल्याचे आणि पूर्ण देशी बनावटीच्या रायफलीला "शेर" नाव देणार असल्याचे कोरवाचा कारखाना चालवणाऱ्या कंपनीने सांगितले.

पल्ल्याबाबत गंमत आहे. कराराच्या वेळी सरकारी प्रसिद्धिपत्रकात परिणामकारक पल्ला ३०० मीटर दिला होता, तर इतरत्र सर्रास ८०० मीटर छापला जातो. दुसरा आकडा रायफलीच्या नेमपट्टीवरच्या खुणांशी जुळतो, पण त्याचा अर्थ त्या अंतरावर माणूस टिपता येतो असा नाही. ७.६२ × ३९ ची गोळी चारशे मीटरच्या पुढे झपाट्याने खाली येते. सरकारी पत्रक इथे जाहिरातीपेक्षा प्रामाणिक होते, असे म्हणावे लागेल.

किंमत किती पडते?

एके-२०३ च्या सुमारे ५,१०० कोटी रुपयांच्या कराराला संख्येने भागले तर एका रायफलीला ८५ हजारांच्या आसपास येते. सिगच्या दुसऱ्या कराराची, म्हणजे ८३७ कोटींची, तशीच भागणी केली तर सव्वा लाखाच्या थोडे खाली. करारांत इतर खर्चही धरलेले असतात, त्यामुळे हे ढोबळ आकडे समजावेत.

देशी पर्याय नाही का? महाराष्ट्राचा यात काय सहभाग आहे?

आहे, आणि बराच. इन्सासची आखणी करणाऱ्या एआरडीईनेच हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर "उग्रम" ही ७.६२ × ५१ ची रायफल तयार केली आणि ८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात ती दाखवली. वजन चार किलोच्या आत, पल्ला ५०० मीटर. शंभर दिवसांच्या आत ती तयार झाली, असे सांगण्यात आले. पाषाणमध्येच आखलेल्या ५.५६ च्या कार्बाइनसाठी (आखूड, हलक्या रायफलीसाठी) २०२५ मध्ये पुण्याच्या भारत फोर्जची बोली सर्वांत कमी ठरली. म्हणजे ५.५६ सैन्यातून हद्दपार होणार हा समज चुकीचा आहे.

काडतुसांच्या बाबतीत तर महाराष्ट्र केंद्रस्थानीच आहे. खडकीची दारूगोळा निर्माणी १८६९ पासूनची, आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावची निर्माणी लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठीच ओळखली जाते. रायफलीच्या काडतुसाचा निर्णय दिल्लीत बदलला की त्याचा परिणाम वरणगावच्या यंत्रांवर, साच्यांवर आणि पाळ्यांवर होतो. चर्चेत हा भाग कुणी काढत नाही.

शंभर दिवसांत नमुना तयार होणे कौतुकाचेच आहे. परंतु इन्सासने शिकवलेला धडा नमुन्याचा नव्हता. पहिली रायफल आणि पन्नास हजारावी रायफल सारखीच निघते का, हा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर कारखान्याच्या तपासणी टेबलावर मिळते, अनावरणाच्या मंचावर नाही.

इतर देश काय करत आहेत?

फ्रान्सने आपली फामास सोडून जर्मन एचके-४१६ घेतली, जर्मनीने जी-३६ तापल्यावर भरकटते या वादानंतर तोच मार्ग धरला. दोघेही ५.५६ वरच राहिले. अमेरिकेच्या लष्कराने मात्र २०२२ मध्ये ६.८ × ५१ मिलिमीटरच्या भारी काडतुसाची रायफल निवडली आणि तिथेही जवानाने २१० ऐवजी १४० गोळ्या घेऊन लढायचे का, यावर वाद सुरू आहे.

इन्सासचे पुढे काय होणार?

ती एका रात्रीत जाणार नाही. सहा लाख रायफली तयार होऊन वाटल्या जाईपर्यंत अनेक तुकड्यांत तीच राहील, आणि सैन्यातून निघाल्यावर ती निमलष्करी दले आणि राज्यांच्या पोलिसांकडे उतरेल. आपल्याकडे शस्त्रांचा हा उतरंडीचा प्रवास फार सावकाश होतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत सीएसटीच्या फलाटावर एके घेतलेल्या दोन हल्लेखोरांसमोर असलेल्या पोलिसांपैकी काहींच्या हातात अजूनही थ्री-नॉट-थ्री होत्या, सैन्याने टाकून दिल्यावर चार दशकांनी. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी, आणि तिच्या जागी शिपायांच्या खांद्यावर ज्या रायफली आल्या त्या होत्या एसएलआर आणि इन्सास.